बाळंतपणाचा खर्च आणि विम्याचें कलम

आमच्या केळझरच्या टेकडीवर सिद्धिविनायकाच्या दर्शनास जी मंडळी येते, तींत नुकतेंच लग्न झालेलीं जोडपीं, पहिलटकरणी आणि तान्हें मूल पदराखालीं घेऊन आलेल्या माता नेहमीं दिसतात. देवापाशीं जें मागावयाचें तें मागून झाल्यावर मनुष्यानें स्वतः करावयाचें असें जें उरतें, त्याविषयीं आज चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय बाळंतपणाच्या खर्चाचा आहे. हा बायकांचा विषय म्हणून पुरुष तो बाजूस ठेवितात. परंतु खर्चाची वेळ आली म्हणजे कोठार उघडावें लागतें तें घरधन्यासच. म्हणून शेतकीच्या मासिकांत हा विषय अस्थानीं होणार नाहीं, अशी आमची समजूत आहे.

बियाणें, खत, निंदण, फवारणी, कापसाची वेचणी यांचा अदमास प्रत्येक जाणता शेतकरी मृगापूर्वींच मनाशीं बांधतो. मुलीच्या लग्नाचा हिशेब तो दोन दोन वर्षें आधीं करूं लागतो. परंतु लग्नानंतर वर्षा-दोन वर्षांत बहुधा येणारच, त्या बाळंतपणास त्याच्या वहींत सदर नसतें. नऊ महिने आधीं ज्याची वर्दी मिळते असा दुसरा मोठा खर्च संसारांत क्वचितच असेल. आणि तरीही तोच पुष्कळ घरांवर आकाशांतून कोसळल्यासारखा येतो. असें कां होतें, हें कळावें म्हणून आमच्याच घरांतील एक गोष्ट प्रथम सांगतों.

घडलेली हकीगत

आमची सारी नोकरी महसूल खात्यांत कारकुनींत गेली. फेरफार, वारसाच्या नोंदी, दाखले आणि उतारे यांखेरीज आम्हीं दुसरें फारसें कांहीं केलें नाहीं. लोकांस आम्ही सांगत असूं कीं, जमीन तुमची असून भागत नाहीं, ती कागदावर तुमची असली पाहिजे. तेंच शहाणपण स्वतःच्या घरांत मात्र आम्हांस सुचलें नाहीं.

आमच्या धाकट्या बंधूच्या मुलाचें लग्न झालें, तेव्हां एका विमा-प्रतिनिधीनें नव्या जोडप्यास आरोग्यविम्याचें पत्र घ्यावयास लाविलें. बाळंतपणसुद्धां यांत आहे, एवढेंच त्याचें वाक्य सर्वांच्या लक्षांत राहिलें. विमापत्र कोणीं वाचलें नाहीं. तें देवघराच्या फडताळांत गेलें. दीड वर्षानें सुनेस दिवस राहिले. आठव्या महिन्यांत तिच्या पायांस सूज आली, डोकें दुखूं लागलें आणि रक्तदाब एकाएकीं वाढला. अपरात्रीं तिला शहरांतील एका खासगी रुग्णालयांत न्यावें लागलें. शस्त्रक्रिया करून बाळ काढलें. तें वजनानें कमी भरलें, म्हणून अकरा दिवस काचेच्या पेटींत ठेवावें लागलें. माता व मूल दोघेंही वांचलीं, ही ईश्वराची कृपा आणि डॉक्टरांचें कसब.

परंतु पैशाचें काय झालें तें ऐका. विमा कंपनीनें मागणी नाकारली. विमापत्र तेव्हां आम्हीं प्रथमच उघडून वाचलें. आंत कलम स्वच्छ छापलेलें होतें कीं, विमा घेतल्यापासून तीन वर्षें पुरीं झाल्याखेरीज प्रसूतीचा खर्च मिळणार नाहीं. प्रतिनिधीनें अर्धेंच सांगितलें होतें, आणि उरलेलें अर्धें आम्हीं वाचलें नव्हतें. मग कोणीं तरी सुचविलें कीं, हें रुग्णालय राज्य सरकारच्या योजनेंत आहे, निदान बाळाच्या उपचारापुरता तरी लाभ मिळतो का पहा. तेथील आरोग्यमित्रानें शिधापत्रिका मागितली. तेव्हां उघडकीस आलें कीं, सुनेचें नांव माहेरच्या शिधापत्रिकेवरून लग्नानंतर कमी झालें होतें, आणि सासरच्या पत्रिकेवर तें चढलेंच नव्हतें. नांव कमी केल्याचा दाखला घरांत होता. पुढील अर्ज करावयाचा राहिला होता. महसुली भाषेंत सांगावयाचें तर खरेदीखत झालें, पण फेरफार झाला नाहीं. धांवपळ केली, परंतु कागद जुळेपर्यंत बिल भरून मोकळें व्हावें लागलें. त्यासाठीं नुकतें घरांत आलेलें सोयाबीन पडत्या भावानें विकलें, आणि सुनेच्या पाटल्या गहाण पडल्या.

त्या अकरा दिवसांत आम्हांस जें कळलें, तें आधीं अकरा मिनिटांत कळण्यासारखें होतें. तेंच येथें क्रमानें देतों.

विमा कशाचा असतो?

पुष्कळांनीं थोडें थोडें घालावें आणि ज्यावर संकट येईल त्यानें त्यांतून घ्यावें, हें विम्याचें तत्त्व. आपल्या खेड्यांस तें अपरिचित नाहीं. सुतार-लोहारास सुगीला ठरलेलें धान्य मिळे. मग वर्षांत तुमचा नांगर एकदां मोडो वा पांचदां मोडो, त्याचा वेगळा हिशेब होत नसे. ज्याचा नांगर मोडला नाहीं त्याचें धान्य वायां गेलें, असें कोणी म्हणत नसे.

पण या तत्त्वास एक अट आहे. संकट येणार कीं नाहीं, हें घालणाऱ्यास ठाऊक असतां कामा नये. ढग भरून आल्यावर पिकाचा विमा उतरूं दिला, तर ज्याच्या शेतावर ढग आहे तोच येईल, आणि कोणतीही पेढी आठ दिवसांत बुडेल. म्हणून पीकविम्यास शेवटची तारीख असते. बाळंतपणाचेंही तसेंच. दिवस राहिल्यावर विमा मिळूं लागला तर केवळ गरोदर स्त्रियाच तो घेतील, आणि मग हप्ता बाळंतपणाच्या बिलाइतकाच ठेवावा लागेल, शिवाय कंपनीचा खर्च वेगळा. यासाठींच कंपन्या प्रसूतीस प्रतीक्षेचा काळ लावितात. तो कोठें नऊ महिन्यांचा, कोठें दोन, तीन किंवा चार वर्षांचा असतो. कलम जाचक वाटलें तरी त्याच्या मुळाशीं हें साधें अंकगणित आहे.

सेवाग्रामची ज्वारी

या अंकगणिताचा उत्तम धडा आपल्याच जिल्ह्यांत मिळाला आहे. केळझरहून सेलू व पवनार ओलांडून वर्ध्यास गेलें म्हणजे तेथून दोन-अडीच कोसांवर सेवाग्राम आहे. 1944 सालीं कस्तुरबा गांधी निवर्तल्यानंतर स्त्रिया व मुलें यांच्यासाठीं तेथें एक लहानसें रुग्णालय सुरू झालें. डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकारानें तें वाढलें, आणि 1969 सालीं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था हें वैद्यकीय महाविद्यालय तेथें निघालें. त्या संस्थेंतील डॉ. उल्हास जाजू व त्यांचे सहकारी 1980 च्या सुमारास आसपासच्या खेड्यांत आरोग्यविम्याची कल्पना घेऊन गेले. खेडुताजवळ रोकड बारमाही नसते. सुगीला ज्वारी मात्र असते. म्हणून हप्ता ज्वारींत घ्यावयाचा असें ठरलें. भूमिहीनानें ठराविक माप द्यावें, जमीनवाल्यानें जमिनीच्या मानानें अधिक द्यावें, आणि उपचार मात्र ज्याला जितकी गरज तितका मिळावा, अशी रीति होती. गांवांतील बहुतेक घरें सामील झालीं तरच तो गांव योजनेंत घ्यावयाचा. कारण आजारी असणाऱ्यांनींच पोतें भरलें तर तें पुरणार कसें?

त्या योजनेंतील एक नियम आमच्या विषयास फार उपयोगी आहे. अनपेक्षित आजारानें रुग्णालयांत राहावें लागलें तर उपचार विनामूल्य होत. परंतु मोतीबिंदु, अंतर्गळ आणि नेहमीचें बाळंतपण यांची गणना आधीं ठाऊक असलेल्या गोष्टींत करून त्यांना खर्चांत केवळ सवलत ठेविली होती. म्हणजे जें येणार हें माहीत आहे, त्याची तयारी घरधन्यानें करावी. आणि जें येईल असें कोणास वाटलें नव्हतें, त्याचा भार सर्व गांवानें उचलावा. पुढें आपल्या भागांत ज्वारीचा पेरा मागें पडला आणि हप्ता रोखींत येऊं लागला. पण नियमांतील शहाणपण जुनें झालेलें नाहीं. अपेक्षित खर्चास साठवण आणि अनपेक्षित खर्चास विमा, हें सूत्र वाचकांनीं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावें.

पगारदार स्त्री आणि शेतकरीण

पगारदार स्त्रीची सोय कायद्यानें बरीच आधीं केली. विलायतेंत 1911 च्या राष्ट्रीय विमा कायद्यानें विमेदार कामगाराच्या घरीं बाळंतपणास 30 शिलिंग मिळूं लागले. आपल्याकडे मुंबईच्या कायदेमंडळांत 1928 सालीं प्रसूति-साहाय्याच्या बिलास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं जोराचा पाठिंबा दिला, आणि 1929 सालीं तो कायदा झाला. 1930 सालीं मध्यप्रांतांतही तसा कायदा आला. हिंगणघाट व पुलगांव येथें तेव्हां कापडाच्या गिरण्या चालत होत्या, आणि या कायद्यांचा रोख कारखान्यांतील मजूर स्त्रियांवर होता. 1961 सालीं सर्व देशासाठीं कायदा झाला, आणि 2017 सालीं पगारी रजा 26 आठवड्यांची झाली.

परंतु या सर्व कायद्यांत एक मालक गृहीत धरलेला आहे. जी बाई स्वतःच्या शेतांत निंदावयास व वेचावयास जाते, तिचा मालक कोण? तिला रजा कोणीं द्यावी? तिच्यासाठीं जें आहे तें सरकारी रुग्णालय आणि सरकारी योजना यांतच शोधावें लागतें. तें आतां पाहूं.

सरकारी रुग्णालयांतील हक्क

1 जून 2011 पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम देशभर लागू आहे. त्याअन्वयें सरकारी रुग्णालयांत प्रसूति विनामूल्य होते. शस्त्रक्रियेनें झाली तरी विनामूल्यच. औषधें, तपासण्या, जरूर पडल्यास रक्त, साध्या प्रसूतीस 3 दिवस व शस्त्रक्रियेस 7 दिवसपर्यंत जेवण, घरून नेण्याची, मोठ्या रुग्णालयांत हलविण्याची आणि परत घरीं पोंचविण्याची गाडी, हें सर्व यांत येतें. तान्हें मूल आजारी पडल्यास त्याचाही उपचार विनामूल्य असून, प्रथम 30 दिवसांची असलेली ही सवलत पुढें एक वर्षापर्यंत वाढविण्यांत आली. गाडीसाठीं 102 आणि तांतडीच्या प्रसंगीं 108 हे क्रमांक घरांतील लहानथोरांस पाठ असावे.

जमीनवाल्या घरांत सरकारी रुग्णालयांत जाणें कमीपणाचें मानण्याची एक खोड आहे. ती आमच्याही घरांत होती. जिल्ह्याच्या व तालुक्याच्या रुग्णालयांत गर्दी असते, खाटेस खाट लागलेली असते, हें आम्हांस मान्य आहे. पण तेथें कोणत्या सोयी आहेत हें स्वतः जाऊन न पाहतां केवळ लौकिकासाठीं पाटल्या गहाण टाकणें, यांत कोणता मोठेपणा आहे, याचा प्रत्येकानें विचार करावा.

दारिद्र्यरेषेखालील तसेंच अनुसूचित जाति-जमातींच्या स्त्रियांस 2005 सालच्या जननी सुरक्षा योजनेंतून, ग्रामीण भागांत संस्थेंत प्रसूति झाल्यास रु. 700 मिळण्याची तरतूद आहे. आपल्या शेतावर काम करणाऱ्या मजूर स्त्रियांस ही माहिती देणें हें शेतमालकाचें कर्तव्य आहे.

महात्मा फुले जन आरोग्य योजना

राज्याची ही योजना 2012 सालीं राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नांवानें आठ जिल्ह्यांत सुरू झाली, आणि 2017 सालीं तिचें हल्लींचें नांव पडलें. पूर्वीं ती पिवळ्या व केशरी शिधापत्रिकांपुरती होती. पांढऱ्या पत्रिकेच्या शेतकऱ्यांस मात्र आपद्ग्रस्त ठरलेल्या 14 जिल्ह्यांतच, सातबारा दाखवून, लाभ मिळे. त्या चौदांत आपला वर्धा जिल्हा होता. 1 जुलै 2024 पासून योजना सर्व शिधापत्रिकाधारकांस खुली झाली, आणि कुटुंबास दरसाल रु. 5 लाखांपर्यंतचें संरक्षण मिळालें. हप्ता आपणांस भरावा लागत नाहीं. तो भार राज्य उचलतें.

येथेंही वरील सूत्र लक्षांत ठेवावें. ही योजना ठरलेल्या आजारांच्या व शस्त्रक्रियांच्या यादीवर चालते. नेहमीच्या बाळंतपणाचें बिल त्यांत टाकूं अशा भरंवशावर खासगी रुग्णालयांत जाऊं नये. त्यासाठीं सरकारी रुग्णालय आहे. परंतु कमी दिवसांचें किंवा आजारी बालक अतिदक्षता कक्षांत ठेवावें लागलें, मातेस गंभीर दुखणें जडलें, असे अनपेक्षित प्रसंग जेव्हां येतात, तेव्हां ही योजना घराचें छप्पर राखूं शकते. कोणता उपचार यादींत आहे, आणि कोणत्या रुग्णालयांत आहे, हें रुग्णालयांतील आरोग्यमित्रास किंवा 155388 या क्रमांकावर आगाऊ विचारावें. आगाऊ हा शब्द महत्त्वाचा. कारण ही पैसे भरून मागाहून मागण्याची योजना नव्हे. दाखल होतांना कागद पुढें ठेवावे लागतात: शिधापत्रिका आणि ओळखीचा पुरावा. दोहोंतील नांव एकच असावें. आधारपत्रावर माहेरचें नांव आणि शिधापत्रिकेवर सासरचें, अशी विसंगति असल्यास ती लग्नाच्या पहिल्या वर्षींच दूर करावी.

मातृवंदनेची रक्कम

प्रधानमंत्री मातृवंदना योजना 2017 सालीं सुरू झाली व 2022 सालीं तिचे नियम बदलले. पहिल्या अपत्यास दोन हप्त्यांत रु. 5,000 मिळतात: गरोदरपणाची नोंद होऊन वेळेंत निदान एक तपासणी झाल्यावर रु. 3,000, आणि जन्माची नोंद व बाळाच्या लसींची पहिली फेरी पुरी झाल्यावर रु. 2,000. दुसरें अपत्य मुलगी झाल्यास रु. 6,000 एकदम मिळतात. कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आंत असलेल्या स्त्रिया, तसेंच किसान सन्मान निधि मिळणाऱ्या महिला शेतकरी, पात्र वर्गांत येतात. म्हणजे सातबाऱ्यावर घरच्या लक्ष्मीचें नांव असणें येथेंही कामास येतें. अर्ज आशा सेविका किंवा अंगणवाडी सेविका यांच्यामार्फत होतो; रक्कम मातेच्या आधारजोड खात्यांत जमा होते. सासऱ्याच्या किंवा नवऱ्याच्या खात्याचा क्रमांक देऊन मग तक्रार करीत बसूं नये.

खासगी विमापत्र

आतां खासगी विम्याकडे वळूं. प्रथम लक्षांत घ्यावें कीं, साध्या आरोग्यविम्यांत प्रसूति बहुधा वगळलेली असते. शस्त्रक्रियेची किंवा गुंतागुंतीची प्रसूतिही त्या वगळण्यांत येते. गर्भाशयाबाहेर गर्भ राहिला तर मात्र तो अपवाद मानतात. विमा नियामक प्राधिकरणानें 2020 सालीं सर्व कंपन्यांकडून जें एकसारखें विमापत्र काढविलें, त्या आरोग्य संजीवनींतही प्रसूतीचा खर्च नाहीं. ज्या पत्रांत तो असतो, तेथें बहुधा जादा हप्ता, प्रतीक्षेचा काळ आणि रकमेची वेगळी मर्यादा, अशीं तीन बंधनें असतात. पत्राच्या दर्शनीं भागावर पांच लाखांचा आंकडा असला तरी प्रसूतीस त्यांतले कदाचित् चाळीस-पन्नास हजारच मिळतात.

एक हिशेब मांडून पाहूं. हे आंकडे केवळ समजुतीसाठीं धरले आहेत. वाचकांनीं आपल्या पत्रांतील खरे आंकडे त्यांच्या जागीं घालावे.

प्रसूतीसाठीं जादा हप्ता, दरसाल: रु. 7,000
प्रतीक्षेचीं तीन वर्षें व प्रसूतीचें चौथें, मिळून: रु. 28,000
साध्या प्रसूतीस मर्यादा: रु. 30,000
शस्त्रक्रियेच्या प्रसूतीस मर्यादा: रु. 50,000

बिल कितीही झालें तरी साध्या प्रसूतींत या कुटुंबाचा नफा रु. 2,000 चा, शस्त्रक्रिया झाल्यास रु. 22,000 चा. मूल दुसऱ्याच वर्षीं झालें तर भरलेले रु. 14,000 गेले आणि हातीं कांहीं नाहीं. तेच रु. 7,000 दरसाल पेढींत ठेविले असते तर चौथ्या वर्षीं रु. 28,000 व त्यावरील व्याज आपलेंच राहिलें असतें. अपेक्षित खर्चाचा विमा काढणें म्हणजे आपलेच पैसे दुसऱ्याच्या हातून परत घेणें कसें होतें, तें यावरून दिसेल.

मग हें पत्र कोणींच घेऊं नये काय? तसेंही नाहीं. ज्यांस तीन-चार वर्षें मूल नको आहे, ज्यांनीं खासगी रुग्णालय नक्की केलें आहे, आणि ज्यांच्या पत्रांत नवजात बालकाचा उपचार पहिल्या दिवसापासून अंतर्भूत आहे, त्यांस तें उपयोगी पडूं शकेल. यांतील शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची. कारण अनपेक्षित खर्च बहुतेक तेथेंच होतो. कित्येक पत्रांत प्रसूतीचा लाभ नसेल तर बाळास 90 दिवसांनंतरच आंत घेतात, आणि काचेच्या पेटीचे दिवस तोंवर होऊन गेलेले असतात.

प्रतिनिधि घरीं आल्यास त्यास पुढील पांच प्रश्न विचारावे, व उत्तर तोंडीं न घेतां विमापत्रांतील कलमावर बोट ठेवून घ्यावें.

1. प्रसूतीचा खर्च या पत्रांत आहे काय, आणि प्रतीक्षा किती महिन्यांची?
2. साध्या व शस्त्रक्रियेच्या प्रसूतीस वेगवेगळी मर्यादा किती?
3. प्रसूतीपूर्वींच्या तपासण्या व औषधें यांत धरलीं आहेत काय?
4. नवजात बालक कोणत्या दिवसापासून व किती रकमेपर्यंत आंत आहे?
5. आम्ही ज्या रुग्णालयांत जाणार, तेथें रोख न भरतां उपचार होतो काय?

उत्तरें मनासारखीं नसल्यास, पत्र हातीं आल्यापासून 30 दिवसांच्या आंत तें परत करतां येतें. मागणी अन्यायानें नाकारली असें वाटल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी, आणि तेथें दाद न लागल्यास विमा लोकपालाकडे जावें. तेथें फी लागत नाहीं. 22 सप्टेंबर 2025 पासून व्यक्तिगत आरोग्यविम्याच्या हप्त्यावरील वस्तु व सेवा कर शून्य झाला आहे. पूर्वीं तो शेंकडा 18 होता. म्हणून जुन्या दरानें कर मागणारी पावती कोणी पुढें केली तर ती नीट पाहून घ्यावी.

कामांचें वेळापत्रक

शेतकऱ्यास पंचांगाप्रमाणें काम करण्याची संवय असते. म्हणून खालील क्रम देतों.

लग्न होतांच: विवाहनोंदणी करावी, माहेरच्या शिधापत्रिकेवरून नांव कमी करून दाखला आणावा, व त्याच महिन्यांत तहसिलीच्या पुरवठा विभागांत अर्ज देऊन सासरच्या पत्रिकेवर तें चढवावें. सुनेचें स्वतःचें बँकखातें उघडून आधारास जोडावें. घरांत प्रत्येक सुगीला एक ठराविक रक्कम बाळंतपणाच्या नांवें बाजूस काढण्यास याच वर्षीं आरंभ करावा.

दिवस राहिल्याचें कळतांच, पहिल्या तीन महिन्यांत: आशा सेविकेकडे नोंद करून माता व बाल संरक्षण कार्ड घ्यावें. मातृवंदनेचा अर्ज येथेंच भरावा.

त्यापुढें: तपासण्या चुकवूं नयेत. 2016 पासून दर महिन्याच्या 9 तारखेस सरकारी रुग्णालयांत गरोदर स्त्रियांची विशेष तपासणी विनामूल्य होते. पायांची सूज, डोकेदुखी, रक्तदाब यांकडे दुर्लक्ष करूं नये. आमच्या सुनेच्या दोन तपासण्या कपाशीच्या वेचणीच्या गडबडींत राहून गेल्या होत्या, हें येथें कबूल केलें पाहिजे.

सातव्या महिन्यांत: रुग्णालय कोणतें, अडचण आल्यास त्याहून मोठें कोणतें, तें योजनेंत आहे काय, गाडी कोणाची, रक्त कोण देणार, हें ठरवावें. शिधापत्रिका, आधारपत्र, कार्ड व विमापत्र एका पिशवींत घालून ती पिशवी घरांतील सर्वांस दाखवून ठेवावी.

जन्मानंतर: 21 दिवसांच्या आंत जन्माची नोंद करावी, या मुदतींत ती विनामूल्य होते. बाळाचें नांव शिधापत्रिकेवर चढवावें. सहा, दहा व चौदा आठवड्यांच्या लसी वेळेवर द्याव्या. मातृवंदनेचा दुसरा हप्ता त्यांवरच अवलंबून आहे.

समारोप

आमच्या घरचें तें बाळ आतां चालूं लागलें आहे आणि ओसरीवरून उतरून अंगणांत जावयास शिकलें आहे. त्याच्या आईचें नांव शिधापत्रिकेवर चढलें, त्याचेंही चढलें. पाटल्या मागील हंगामांत सोडविल्या. पडत्या भावानें गेलेलें सोयाबीन मात्र परत येत नाहीं. आणि त्याहूनही, पैशाच्या विवंचनेंत त्या अकरा दिवसांत आम्हीं बाळाचें तोंड मनसोक्त पाहिलें नाहीं, ही रुखरुख राहून गेली आहे.

ज्यांच्या घरीं सून आली आहे किंवा येणार आहे, त्या सर्व बंधूंस आमची एवढीच विनंति आहे. हा अंक वाचून झाल्यावर तो बाजूस ठेवावा, आणि फडताळांतील शिधापत्रिका काढून तीवर किती नांवें आहेत तीं मोजावीं. घरांत माणसें जितकीं, तितकीं नांवें असल्यास स्वस्थ झोंपावें. एक जरी कमी भरलें तरी उद्यां सकाळींच तहसिलीची वाट धरावी.